नाणेनिधी वाचताना या चुका टाळा

मध्ययुगीन चांदीच्या नाण्यांचा निधी, म्हणजे जुन्या काळी पुरून ठेवलेला साठा, सापडला की सगळे आधी किंमत विचारतात. मला धास्ती वेगळीच असते: कोणीतरी नाणी घासून लख्ख करील. ते मुळीच करू नका. काळपट थरासोबत कडेच्या बारीक खुणाही जातात, आणि हे चलन कसं वापरलं जाई ते त्या खुणाच सांगतात.

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथे १९९९ साली सुमारे ६७ किलो चांदी निघाली. त्यात १४ हजारांवर नाणी, बहुतेक अरबी दिरहम, आणि हातात घालायची शेकडो चांदीची कडी. इथे नुसती नाणी मोजून थांबलात तर अर्धी गोष्ट हुकली. कापलेला पाव दिरहम ‘मोडका’ म्हणून बाजूला ठेवू नका. तो सुट्टा पैसा आहे. व्हायकिंगांच्या, म्हणजे तेव्हाच्या स्कँडिनेव्हियातल्या (स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क) दर्यावर्दींच्या, व्यवहारात चांदी तराजूत तोलली जाई, कड्याचा तुकडाही चाले. नाण्यावर सुरीच्या टोकाची छोटी खाच दिसते ना? घेणाऱ्याने चांदीचा कस तपासलाय. राजाच्या छापावर त्याचा भरवसा नव्हता.

आता इंग्लंड बघा. साधारण ९७३ च्या सुधारणेनंतर तिथे ठरावीक काळाने जुनी नाणी परत घेऊन नव्या छापाची पाडली जात, परकी नाणीही वितळवली जात. म्हणून त्या काळच्या अनेक निधींत एकाच छापाची नाणी भेटतात. हा योगायोग समजू नका. टांकसाळीचा वचक किती होता ते यातून कळतं.

तारखेत तर हमखास घसरायला होतं. दिरहमवर टांकसाळीचं नाव आणि हिजरी वर्ष कोरलेलं असतं. स्पिलिंग्जमधलं सर्वांत नवं नाणं इसवी सन ८७०-७१ चं. म्हणजे निधी त्याआधी पुरलेला नाही, इतकंच. नंतर किती वर्षांनी पुरला, ते हे नाणं सांगत नाही.

निधी म्हणजे त्या दिवसाचा बाजार, असंही धरू नका. साठवणारा भारी नाणी निवडून ठेवतो, हलकी खर्चून टाकतो. घाईत पुरणारा मात्र हाताला लागेल ते पुरतो.

आणि सापडण्याची जागा म्हणजे पाडण्याची जागा नव्हे. इंग्लंडचा राजा एथलरेड याची नाणी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडली आहेत. त्यांतली बरीचशी व्हायकिंगांना दिलेली खंडणी म्हणून समुद्रापार गेली असावीत.