जास्वंदीने मला दोन वर्षं फसवलं

आमच्या गच्चीत रोज सकाळी सव्वासहाला शर्यत लागते. एकीकडे परडी घेऊन सासूबाई, दुसरीकडे ट्रायपॉड घेऊन मी, मधे जास्वंद. "तुझं फोटोचं आटप गं, देव खोळंबलेत," हे मी इतक्यांदा ऐकलंय की शटरच्या आवाजाच्या जागी तेच वाजलं तरी मला काही वेगळं वाटायचं नाही. त्यांना ताजं फूल हवं, मलाही ताजंच हवं, आणि जास्वंदीचं फूल टिकतं एकच दिवस. शेवटी तह झाला. आदल्या संध्याकाळी उद्या उमलतील अशा टपोऱ्या कळ्या मोजायच्या, त्यातली एक माझी. तिच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा. धागा असला की परडी पुढे सरकते.

हे लिहायचं कारण असं की यंदा माझ्या तीन मैत्रिणींनी कॅमेरे घेतले आणि तिघींनीही पहिल्या आठवड्यात मला लाल जास्वंदीचा फोटो पाठवला. तिन्ही फोटोंत फूल नव्हतंच, लाल डाग होता. मागे धूसर हिरवं छान, परागांचे पिवळे ठिपके छान, पण पाकळी म्हणजे ऑइलपेंटचा एक हात मारल्यासारखी. शीर नाही, मखमल नाही, कडेची चुणी नाही. माझी दोन वर्षं याच डागात गेली आहेत, म्हणून तुमची तरी जाऊ नयेत.

ॲपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला माहीत आहे असं धरते. नसेल तर ते आठवड्यात जमतं, त्याची भीती बाळगू नका.

माझं काय झालं ते सांगते. गणपतीत मावशीला भेट द्यायची म्हणून मी माझा लाडका जास्वंदीचा फोटो १२ बाय १८ इंचात छापायला दिला. मोबाइलवर तो फार देखणा दिसायचा, लोकांनी वा वा केली होती. प्रिंट हातात आली तेव्हा वाटलं, प्लास्टिकचं फूल कुणी काढलंय? मी लॅबवाल्याशी हुज्जत घातली. त्याने शांतपणे फाइल उघडली, पाकळीवर झूम केलं आणि म्हणाला, "मॅडम, मशीन काय करणार? फाइलमध्ये पाकळीच नाही." फार अपमान वाटला. पण त्याचं बरोबर होतं.

आता सापळा नीट समजून घ्या. लांबण लागेल, लागू दे.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार चौकटींचा एक गट धरला तर त्यातल्या दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल, एक निळा. पुढे प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे मिळतात, जेपेगमध्ये प्रत्येकी शून्य ते २५५. एका रंगाचे सगळे आकडे म्हणजे त्या रंगाचं चॅनेल. आपण स्क्रीनवर जो पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड असा ठिपक्यांचा आलेख, बघतो तो बऱ्याच कॅमेऱ्यांत या तिघांची मिळून उजळता दाखवतो. आणि या मिळून काढलेल्या हिशेबात तिघांचा वाटा सारखा नसतो. एका नेहमीच्या सूत्रात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्यालाच हिरवा जास्त उजळ भासतो.

आता जास्वंदीच्या पाकळीचा एक ठिपका घ्या. लाल २५५, म्हणजे काठोकाठ. हिरवा ४०, निळा ५०. सूत्रात घाला: लालचे ७६, हिरव्याचे २४, निळ्याचे ५ ते ६. बेरीज १०५च्या आसपास. २५५ पैकी १०५! हिस्टोग्रामवर हा ठिपका मधल्याही अलीकडे, डावीकडे बसणार. तुम्ही म्हणणार, अरे, अजून बराच वाव आहे, थोडं उजळ करू या. इकडे लाल चॅनेल कधीच भरून वाहायला लागलेलं असतं. शेजारच्या शिरेचा लाल २६० असायला हवा होता, चुणीच्या उजळ कडेचा २९०, तेही सगळे २५५वर येऊन चेपतात. तीन वेगळ्या उंचीची माणसं बुटक्या दारातून वाकून आत आली की सारखीच दिसतात, तसं. फोटो जळल्यासारखा पांढरा होत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. लाल असतो, भरपूर लाल असतो, आणि आपल्याला वाटतं रंग काय सुंदर आलाय.

वर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटरही आगीत तेल ओततो. चौकटीत जास्वंदीची गडद हिरवी पानं भरपूर असतात. मीटरला वाटतं दृश्य अंधारं आहे, तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, वाढवतो. त्यात तुम्ही पिक्चर स्टाइल रंग भडक करणाऱ्या "विविड"वर ठेवली असेल आणि व्हाइट बॅलन्स रंग तांबूस करणाऱ्या "शेड"वर, तर आनंदच. मी दोन्ही ठेवलं होतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे, म्हणून तर चीड येते. मेनूत जाऊन हिस्टोग्राम आरजीबीचा करा, तीन रंगांचे तीन आलेख वेगळे दिसतील. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे करा, भिंत सुटेपर्यंत. माझ्या गच्चीत सकाळच्या उन्हात ते उणे ०.७ ते उणे १.३ पर्यंत जातं. फोटो स्क्रीनवर काळपट, उदास दिसेल. दिसू दे. पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेलं कच्चंच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. १४ बिटच्या रॉमध्ये एका चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. काळोखातून वर काढायला पायऱ्या लागतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तुम्ही रॉ काढत असलात तरी कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम त्याच्या जेपेग नमुन्यावरून बनतो. म्हणून तो थोडा जास्तच घाबरवतो. घाबरवणारा बरा, गाफील ठेवणारा नको.

मोबाइलवाल्यांनी पाकळीवर बोट ठेवून फोकस करावा आणि शेजारी उगवणारं उजेडाचं सूर्याचं चिन्ह खाली ओढावं. पाकळीत शिरा दिसू लागल्या की थांबावं. पोर्ट्रेट मोड मात्र फुलांना लावू नका. जास्वंदीच्या मधल्या दांड्याच्या टोकाला पाच लालचुटूक मखमली टिकल्या असतात. माझ्या फोनने त्यातल्या दोन पार्श्वभूमी समजून पुसून टाकल्या होत्या. आणि हे मला नाही, सासूबाईंना दिसलं. "याला तीनच कशा गं?"

बाकी रंगांचं थोडक्यात. पिवळी शेवंती आणि केशरी झेंडू हेही लाल चॅनेल भरतात, तिथेही हीच काळजी. मोगऱ्याचं उलट: गडद पानांवर चारच पांढरी फुलं असली तर ती जळतात, आणि चौकट मोगऱ्यानेच भरली तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. गोकर्णाचा निळा माझ्याकडे नेहमी जांभळ्याकडे झुकतो, तो मी रॉमध्ये हाताने परत आणते, फूल समोर ठेवून. आठवणीतून रंग दुरुस्त करू नका, आठवण नेहमी जास्त गडद असते.

सामानाबद्दल एकच सांगते: मॅक्रो लेन्ससाठी थांबू नका. ५० मिमी एफ १.८ आणि साध्या एक्स्टेन्शन ट्यूब्जवर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या) मी अजून काम करते. इतक्या जवळून फोकसची जाडी जेमतेम काही मिलिमीटर राहते, म्हणून एफ ८ किंवा ११, आणि कॅमेरा जास्वंदीच्या दांड्याला समांतर. मागे काळा चार्टपेपर, ऊन कडक असेल तर मधे पंचा धरायचा, सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा. आषाढातल्या ढगाळ सकाळी यातलं काहीच लागत नाही, आकाशच पंचा होतं. वाऱ्याला उपाय नाही. थांबायचं.

आता गुरूंबद्दल, कारण इथे माझे पैसे गेलेत. मी साडेतीन हजार भरून एक वीकेंड वर्कशॉप केलं. दोन दिवसांत सरांनी स्वतःचे पुरस्कारप्राप्त फोटो दाखवले आणि शेवटी चाळीस प्रीसेट्सची, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंग्जची, पेनड्राइव्ह दिली. लाल जास्वंदीचा प्रश्न मी विचारला होता. उत्तर मिळालं, "पोस्टमध्ये बघून घ्यायचं," म्हणजे नंतर एडिटिंगमध्ये. पोस्टमध्ये बघायला काही उरलेलं नसतं, हे मला लॅबवाल्याने एका वाक्यात फुकट सांगितलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जो शिकवणारा स्वतःचे फसलेले फोटो दाखवत नाही, त्याच्याकडे जाऊ नये. आणि प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या घरची फोडणी, तुमच्या भाजीत मीठ किती आहे हे तिला ठाऊक नसतं. फुलावर पाणी फवारून खोटं दंव करणाऱ्यांशी मला भांडायचं नाही, फक्त भर दुपारी करू नका, हसू येतं. किडे फ्रीजमध्ये गार करून फुलावर ठेवणाऱ्यांशी मात्र भांडायचं आहे.

घाबरवलं का? तसं नाही. एडिटिंग हाच या छंदातला खरा मजेचा भाग आहे, फक्त त्याला माल नीट लागतो. त्यात खर्चही नाही. गिम्प आणि डार्कटेबल फुकट आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड पुष्कळ आहे. माझी आवडती करामत म्हणजे पोत चढवणं. सासूबाईंच्या विरलेल्या इरकलीचा, कडप्प्याच्या ओट्याचा, गच्चीच्या शेवाळलेल्या भिंतीचा सपाट फोटो काढून ठेवायचा. फुलाच्या फोटोवर तो दुसरा लेअर, म्हणजे थर, म्हणून टाकायचा, ब्लेंड मोड (थर मिसळायची पद्धत) ओव्हरले किंवा मल्टिप्लाय, ओपॅसिटी (थराचा दाटपणा) २० ते ३० टक्के. मग मास्क (थराचा हवा तो भाग झाकायची सोय) घेऊन मऊ ब्रशने फुलावरचा पोत पुसायचा, पार्श्वभूमीवर राहू द्यायचा. प्राजक्ताच्या सड्यामागे इरकलीची वीण उमटली तेव्हा मी अर्धा तास नुसती बघत बसले होते. भाजी करपली.

इथेही जुना सापळा दबा धरून असतो. जपून काढलेल्या जास्वंदीवर मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, अधिक ३० केलं आणि वाचवलेल्या शिरा पुन्हा बुडवल्या. लालला सॅच्युरेशन वाढवायचं नसतं, उलट एचएसएलमध्ये, म्हणजे एकेक रंग वेगळा हाताळायच्या सोयीत, लालचं दहा-पंधराने उतरवा, फूल लगेच श्वास घेतं. प्रिंटला देताना फाइल एसआरजीबी या रंग नोंदायच्या प्रमाण पद्धतीत द्या, नाहीतर रंग भलतेच छापून येऊ शकतात.

आणि ज्यांच्याकडे आधीच शेकडो लाल डाग जमलेत, त्यांनी ते पुसू नका. मीही पुसणार होते. इमोजेन कनिंगहॅम ही अमेरिकन छायाचित्रकार तीन लहान मुलं सांभाळता सांभाळता घरच्या बागेतली झाडं टिपायला लागली, आणि १९२५ सालचं तिचं मॅग्नोलियाचं फूल आजही बघताना श्वास रोखला जातो. ते कृष्णधवल आहे. ते बघून मी माझी ती प्लास्टिकची फाइल पुन्हा गिम्पमध्ये उघडली, कलर्समधल्या कॉम्पोनंट्समधून डीकंपोज केलं आणि तिन्ही चॅनेल वेगळी पाहिली. लाल चॅनेल: पाकळीच्या जागी कोरा पांढरा कागद. निळं: खरखरीत. हिरवं उघडलं आणि तिथे सगळं होतं. शिरा, चुण्या, पाकळीच्या तळाशी गडद होत जाणारी मखमल. लाल काठोकाठ भरून वाहत असताना हिरवं ४०, ४५, ५० अशा पायऱ्या गुपचूप मोजत बसलं होतं. कर्व्ह्जने त्या पायऱ्या ताणल्या, कडेला थोडा डॉज (उजळ करणं), तळाशी थोडा बर्न (गडद करणं). पाकळ्या गडद, जवळजवळ काळ्या, त्यावर शिरांची रेखीव जाळी. रंग हवा असेल तर हाच हिरवा चॅनेल मूळ फोटोवर ल्युमिनॉसिटी मोडमध्ये, म्हणजे फक्त उजळपणा बदलेल असा, ३० टक्के टाकूनही पाहा, डागातून पाकळी थोडी वर येते. पूर्ण नाही येत.

ती कृष्णधवल प्रिंट मी त्याच लॅबमध्ये, त्याच मापात काढली. लॅबवाला काही बोलला नाही, पण त्याने ती गुंडाळण्याआधी दोनदा पाहिली. घरी सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ निरखली.

"हे आपलं लालच ना?"

"हो, आई. धाग्याचं."

"काळं फूल देवाला चालत नाही हो," असं म्हणून त्यांनी हॉलमधल्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेलं आणि तो खिळा मला दाखवला.