पुस्तक वाचून सिनेमा बघताय? मग अर्थ कुठे फिरला ते असं शोधा

सिनेमा संपला की 'पुस्तकच भारी होतं' म्हणून आपण विषय संपवतो, पण नेमकं काय बदललं आणि त्याने गोष्टीचा अर्थ कसा फिरला हे शोधण्यात खरी मजा आहे, आणि त्याला समीक्षक असावं लागत नाही.

पुस्तक आधी वाचा, हे महत्त्वाचं. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून आणा, कुणाकडून मागून आणा, कसंही. वाचून झालं की मोबाईलमध्ये तीनच गोष्टी टाइप करून ठेवा: गोष्ट कोण सांगतंय, चूक कुणाची वाटते, आणि शेवटी नक्की काय घडतं. सिनेमा बघून झाला की परत याच तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

'गाइड'वर करून बघा. आर. के. नारायण यांची कादंबरी 1958 ची, विजय आनंदचा हिंदी सिनेमा 1965 चा. कादंबरीत रोझी आणि टुरिस्ट गाइड राजूचं प्रकरण कळल्यावर तिचा नवरा मार्को तिला टाकून निघून जातो. सिनेमात मात्र मार्कोच आधी दुसऱ्या बाईबरोबर सापडतो, म्हणजे रोझीने घर सोडणं प्रेक्षकाला पटावं याची सोय आधीच करून ठेवलीय. एवढ्या एका बदलाने रोझी दोषातून सुटते, पण कादंबरीतला सगळ्यांच्याच वागण्यातला तो अवघडलेपणा जातो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शेवट तर बघाच. पुस्तकात राजूला गावकरी साधू समजतात आणि त्याला पावसासाठी उपास करावा लागतो; तो उपाशी राजू शेवटी म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, मला पायाखाली जाणवतोय, आणि खाली कोसळतो, बस. पाऊस खरंच आला का, तो मेला का, काही सांगितलेलं नाही. सिनेमात धो धो पाऊस येतो, राजू जातो, त्याचा जवळजवळ संतच होतो. लबाड माणसाबद्दलचा प्रश्न होता, त्याचं सिनेमात उत्तर झालं.

यानंतर 'हे का केलं असेल' विचारायचं. हिरो देव आनंद होता, प्रेक्षकाला समाधान देऊन घरी पाठवायचं होतं, आणि अडीच-तीन तासांत सगळं बसवायचं होतं. कारण कळलं तरी बदल आवडलाच पाहिजे असं नाही हां.

कधी काय उरलं यापेक्षा काय सुटलं ते बघावं लागतं. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांवर आहे, तिथे दोन्ही पुस्तकांतली कुठली माणसं गाळली याची यादी केलीत तरी पुष्कळ कळेल.

आणि आपल्या गोव्याचं विसरू नका. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 2009 चा 'पलतडचो मनीस' महाबळेश्वर सैलांच्या 'अदृष्ट' या कोंकणी कादंबरीवर आहे, जंगलात एकटा राहणारा फॉरेस्ट गार्ड आणि त्याने आसरा दिलेली वेडसर बाई. सिनेमात माणसं न बोलता बसलेली असतात तेव्हा पॉझ करा, पुस्तकातलं तेच पान काढा आणि त्या शांततेच्या जागी लेखकाने काय लिहिलंय ते वाचा.