जपानी ट्यूनर की अमेरिकी व्ही-८: अमेरिकेत पहिली गाडी निवडताना

अमेरिकेत जुनी गाडी घेऊन तिचे इंजिन हळूहळू सुधारत नेण्याचा छंद जडला की जपानी गाडी (या छंदात तिला ‘ट्यूनर’ म्हणतात) घ्यावी की आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची अमेरिकी, हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. १९९०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण होंडा सिविककडे वळले, कारण ती हलकी होती, वापरलेली स्वस्तात मिळत होती आणि होंडाच्याच ॲक्युरा ब्रँडच्या इंटेग्राचे अधिक ताकदवान इंजिन तिच्यात फारशी कापाकापी न करता बसत होते. १९९२ ते १९९५ च्या साध्या सिविक डीएक्सचे दीड लिटरचे इंजिन १०२ अश्वशक्ती देते, तर इंटेग्रा जीएस-आरचे १.८ लिटरचे इंजिन १७०. अमेरिकी फोर्ड मस्टँगच्या पाच लिटर व्ही-८ मध्ये १९८७ ते १९९२ दरम्यान मुळातच २२५ अश्वशक्ती होती.

तरीही केवळ या आकड्यांवरून निवड करू नये. गाडी कुठे पळवायची आहे, हे आधी ठरवावे. वळणावळणांच्या रस्त्यावर हलकी सिविक अधिक आनंद देते, तर सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ड्रॅग ट्रॅकवर इंजिन सावकाश फिरत असतानाही जोर देणारी आणि तो जोर मागच्या चाकांना पुरवणारी मस्टँग सरस ठरते. मस्टँग घेणार असाल तर १९८९ ते १९९३ मधील पाहावी, कारण त्या वर्षांच्या गाड्यांचा संगणक इंजिनात येणारी हवा प्रत्यक्ष मोजतो आणि म्हणून कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलल्यावरही तो बऱ्याच अंशी जुळवून घेतो.

यानंतर राज्याचे नियम वाचावेत. माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक जण टाळतात. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना धूरचाचणी लागू असते, त्यामुळे तिथे बसवायचे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याची प्रदूषणरोधक साधने जागच्या जागी असावी लागतात आणि अधिकृत रेफरीकडून, म्हणजे राज्याने नेमलेल्या धूरतपासनिसाकडून, तपासणी करून घ्यावी लागते. हे न पाहता इंजिन आणले, तर गाडीची नोंदणी अडकते.

निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारखी गाडी थेट जपानहून आणायची असल्यास उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झालेली असावीत. तेव्हा केंद्रीय सुरक्षा मानकांतून सूट मिळते. कॅलिफोर्नियाच्या धूरनियमांतून मात्र त्याने सुटका होत नाही.

पाहणीच्या वेळी सिविकच्या मागच्या चाकांवरील पत्र्याला गंज आहे का, हे बोटांनी चाचपून पाहावे. त्या काळातील होंडा गाड्या मोठ्या प्रमाणावर चोरीला जात, म्हणून चॅसिस क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावा. मस्टँग जॅकवर उचलून मागच्या सस्पेन्शनचे दांडे जिथे चॅसिसला जोडलेले असतात तिथे तडे शोधावेत, कारण जोरात पळवलेल्या गाडीचा पत्रा तिथेच फाटतो. दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे. एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा किंवा ती गाडी सोडून द्यावी.