२.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना: आकडेमोड ते मोजणी

पॅच अँटेना म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा आयताकृती तुकडा. त्यासाठी एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा सर्किट बोर्ड) घ्या: दोन्ही बाजूंना तांबे, जाडी १.६ मिमी. बोर्डाचा परावैद्युतांक (त्यात विद्युतक्षेत्र किती साठतं याचं माप) ४.४ धरला तर पॅचची रुंदी सुमारे ३७.३ मिमी आणि लांबी २८.८ मिमी येते. रुंदीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, लांबीत नाही. वारंवारता तीच ठरवते. फीडची (पॅचला सिग्नल देणारी) तांब्याची पट्टी ३ मिमी रुंद ठेवा, म्हणजे केबलशी जुळणारा ५० ओहम इम्पीडन्स मिळतो. ती पॅचमध्ये साधारण ९ मिमी आत न्या, दोन्ही बाजूंना १ मिमी खाच सोडा. मागचं तांबं अखंड हवं, पॅचच्या प्रत्येक कडेपलीकडे किमान १० मिमी.

एसएमए कनेक्टरचा (केबल जोडायचा छोटा स्क्रूवाला जोड) मधला पिन पट्टीला, बाहेरचे पाय मागच्या तांब्याला डाखा.

आता खरं काम. व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनलायझर, वारंवारतेनुसार परावर्तन मोजणारं उपकरण) केबलच्या टोकाशी ओपन, शॉर्ट, लोड हे प्रमाणित तुकडे लावून कॅलिब्रेट करा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे निरर्थक. एस११ (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो याचं माप) च्या आलेखात २.४५ गिगाहर्ट्झला -१० डीबीखाली दरी दिसली पाहिजे. ती २.३८ गिगाहर्ट्झला आली तर लांबी जास्त आहे: फीडसमोरची कड सुमारे ०.८ मिमी खरवडा, तेही दोन-तीन टप्प्यांत, कारण काढलेलं तांबं परत येत नाही. दरी योग्य जागी पण उथळ असेल तर खाचेची खोली बदला.

एफआर-४ चा परावैद्युतांक बोर्डागणिक बदलतो, म्हणून हा फरक येतोच. शिवाय एस११ चांगला म्हणजे प्रारण चांगलं असं नव्हे. बरीच शक्ती बोर्डातच उष्णता होऊन जाते.