अंतराळ निवासाच्या यंत्रणा एकत्र जोडण्याआधी

आधी सांध्यांची वही करा. हवा, पाणी, वीज, तापमान, डेटा या सगळ्यांचे गट आपापल्या टेबलावर चाचण्या पार करून येतात, आणि सरावासाठी जमिनीवर बांधलेला निवासाचा नमुना अडतो तो दोन गटांच्या मधल्या जागेत. म्हणून प्रत्येक जोडाला एक पान द्या: दाब किती, व्होल्ट किती, एकक कोणतं, कनेक्टर कोणता, आणि खाली दोन्ही गटांच्या सह्या. एकच सही असेल तर तो जोड अजून ठरलेला नाही असं धरा.

फिटिंग आठवडाभर आधी मांडून तपासा. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या मालाला बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे असतात. अमेरिकेतून मागवलेल्या पंपाला किंवा व्हॉल्व्हला एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे. अर्ध्या इंचाच्या मापात दोन्हींना इंचामागे १४ आटे, त्यामुळे हाताने फिरवल्यावर बसल्यासारखं वाटतं. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेफ्लॉन टेप गुंडाळून दाबाखाली त्यावर भरवसा ठेवू नका, अडॅप्टरच आणा. १९७० साली अपोलो १३ या चंद्रमोहिमेत मुख्य यान बिघडून अंतराळवीरांना चांद्रयानात आसरा घ्यावा लागला, तेव्हा मुख्य यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे चौकोनी होते आणि चांद्रयानातली त्यांची जागा गोल. पिशव्या, नळ्या आणि चिकटपट्टीने ते जुळवावे लागले, तीन जीव त्यावर अवलंबून होते. डब्यांमध्ये दोष काहीच नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ हवेला द्या. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३० घनमीटरच्या बंद जागेत तीन जण असताना शोषण थांबलं, तर सुमारे दोन तासांत त्याचं प्रमाण ०.५ टक्क्यांवर पोचतं. आपल्या निवासासाठी हा हिशेब करून उत्तर दाराशी मोठ्या अक्षरात लावा. बिघाड झाला तर हातात वेळ किती, हे सगळ्यांना तोंडपाठ हवं. सेन्सर झोपायच्या जागी, डोक्यापाशीही लावा. वजनरहित अवस्थेत उच्छ्वासाची ऊबदार हवा वर सरकत नाही, पंखा थांबला की चेहऱ्याभोवतीच साचते. इथे जमिनीवर हा दोष झाकला जातो, म्हणून नुसता माणसाला त्रास होत नाही यावर समाधान मानू नका, प्रत्येक कोपऱ्यात हवेचा वेग मोजून लिहा. आतल्या साहित्याचीही नोंद ठेवा. १९९१ मध्ये माणसांसकट बंद केलेल्या बायोस्फिअर २ या अमेरिकेतल्या प्रायोगिक वास्तूमधला ऑक्सिजन सुमारे १४.५ टक्क्यांपर्यंत घसरला. मातीतले जीवाणू तो वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत असल्यामुळे हवेच्या मोजणीत कारण लवकर सापडेना.

पाण्याचा ताळेबंद मुंबईत वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. इस्रो आणि आयआयटी मुंबई यांच्या सहभागाने २०२४ मध्ये लेहला हॅब-१ या अंतराळ निवासाच्या नमुन्याची सराव मोहीम झाली, तिथली हवा कोरडी. आपल्याकडे जुलैत दार उघडं ठेवून काम केलं की दमट हवा फोममध्ये आणि कापडात मुरते. मग कंडेन्सरमधून (हवेतली वाफ थंड करून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) पडणारं पाणी माणसांचं किती आणि पावसाळ्याचं किती, हे कळायला मार्ग नाही. रिकामा निवास बंद करून यंत्रणा चालवा आणि पाणी पडायचं थांबेपर्यंत कुणाला आत पाठवू नका. थांबतच नसेल तर गळती शोधा.

वीज आणि डेटा पहिल्यांदा जोडा, माणसं सगळ्यात शेवटी. मधे मुख्य स्विच मुद्दाम पाडा आणि परत लावा: पंखे आपोआप सुरू झाले का, व्हॉल्व्ह सुरक्षित बाजूला गेले का, नोंदी टिकल्या का.

दार मात्र याआधीच तपासलेलं हवं. एक चौरस मीटर दारावर फक्त १ किलोपास्कल दाबाचा फरक म्हणजे सुमारे १०० किलो वजनाचा रेटा. आतला दाब जास्त असेल तर आत उघडणारं दार अशा वेळी माणसाला ओढता येत नाही. १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तेच झालं. दाब सोडायचा व्हॉल्व्ह आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चालला पाहिजे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिवे बंद करून तो हाताने शोधायला आणि उघडायला लावा.