पानातला नायट्रिक ऑक्साइड मोजताना या चुका टाळा

पानाचा तुकडा डॅफ-एफएम डायअसिटेट या नायट्रिक ऑक्साइड दाखवणाऱ्या रंगात भिजवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकला की ‘नायट्रिक ऑक्साइड वाढला’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही चूक सर्रास होते. मुळात हा रंग नायट्रिक ऑक्साइडला थेट ओळखतच नाही. ऑक्सिजनमुळे त्यापासून डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड बनतो, तो रंगाला जोडला गेला की चमकणारं ट्रायझोल तयार होतं. बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे.

ऑक्सिजन काढून घेतलेल्या पानात वायू भरपूर तयार होतो, पण रंग फिकाच राहतो. शिवाय ट्रायझोल परत सुटत नाही. त्यामुळे चमक साठत जाते, उतरत नाही. ‘30 मिनिटांनी पातळी खाली आली’ असं एकाच तुकड्याकडे बघून म्हणता येत नाही. दिसलेली घट बहुधा लेझरने रंग विटल्याची किंवा रंग पेशीबाहेर झिरपल्याची असते. वेळेनुसार बदल हवा असेल तर प्रत्येक वेळेला नवा तुकडा घ्या आणि सगळ्यांना सारखाच वेळ रंग द्या.

चमकच येत नाही

आधी स्टॉक, म्हणजे रंगाचं मूळ घट्ट द्रावण, तपासा. 1 मिलिग्रॅम रंग 403 मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवला की 5 मिलिमोलर स्टॉक होतो. त्याचे 5-5 मायक्रोलिटरचे भाग करून उणे 20 अंशांवर, अंधारात ठेवा. एकच कुपी पुन्हापुन्हा उघडली की डीएमएसओ हवेतला ओलावा ओढतो, असिटेट गट आधीच तुटतात आणि रंग पेशीत शिरतच नाही. वापरताना 1 मिलिलिटर बफरमध्ये 2 मायक्रोलिटर स्टॉक, म्हणजे 10 मायक्रोमोलर रंग आणि 0.2 टक्के डीएमएसओ. तेवढाच डीएमएसओ कंट्रोलमध्येही हवा. 10 मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच 7.4, अंधारात 30 मिनिटं, मग ताज्या बफरने तीनदा धुणं, एवढं बहुतेकदा पुरतं. जुना डॅफ-2 वापरत असाल तर पीएच 7 च्या खाली त्याची चमक घसरते. डॅफ-एफएम साधारण 5.5 पर्यंत टिकतो.

अख्ख्या पानाच्या मेणचट थरातून रंग आत जात नाही. बाह्यत्वचेची साल सोलून घ्या, नाहीतर तुकडा सिरिंजमध्ये घालून निर्वाताने रंग आत ओढू द्या.

सगळीकडेच चमक

कापलेली कड सर्वात आधी पेटते. जखमेमुळे पेरॉक्साइड आणि फिनॉल दोन्ही वाढतात. पेरॉक्साइड आणि पेरॉक्सिडेज मिळून नायट्रिक ऑक्साइडशिवायही डॅफला चमकवू शकतात. तुकडे कापून तास-दोन तास बफरवर तरंगू द्या आणि कडेजवळच्या पेशी मोजणीतून वगळा. 488 नॅनोमीटरने उत्तेजित करून 505 ते 530 चा पट्टा घ्या. हरितद्रव्याची लाल चमक 650 च्या पुढे वेगळी नोंदवा. गेन (सूक्ष्मदर्शकाची संवेदनशीलता) एकदा ठरवला की दिवसभर हलवू नका. रंग न दिलेलं पान फक्त कंट्रोल गटातलं ठेवतात, तिथेही फसगत होते. ताणामुळे फिनॉल वाढलेलं पान रंगाशिवायही हिरवट दिसतं, म्हणून प्रत्येक उपचाराचं स्वतःचं बिनरंगी पान हवं.

सी-पीटीआयओ हा नायट्रिक ऑक्साइड शोषणारा पदार्थ (100 ते 200 मायक्रोमोलर) घातल्यावर चमक कमी झाली नाही, की लोक गडबडतात. तो नायट्रिक ऑक्साइड खातो खरा, पण बदल्यात नायट्रोजन डायऑक्साइड सोडतो. हा डायऑक्साइड उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडशी मिळून डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड बनवतो, म्हणजे डॅफची चमक उलट वाढूही शकते. नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या सोडियम नायट्रोप्रुसाइडचीही तीच गत: तो सायनाइडही सोडतो, त्यामुळे दाता म्हणून वापरताना पोटॅशियम फेरोसायनाइडचा कंट्रोल लावा. द्रावण ताजं बनवा. निळसर झालं तर ओतून द्या.

दुसरी पद्धत कोणती

ग्रीस अभिकर्मक नको. तो 540 नॅनोमीटरला नायट्राइट मोजतो, आणि पानातलं नायट्राइट मुख्यतः नायट्रेट रिडक्टेज या विकराकडून येतं, नायट्रिक ऑक्साइडपासून नाही.

ऑक्सिहिमोग्लोबिन बरं: नायट्रिक ऑक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि शोषण बदलतं. पानाच्या अर्कात प्रथम कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही विकरं, प्रत्येकी 100 युनिट, 5 मिनिटं. मग ऑक्सिहिमोग्लोबिन 5 मायक्रोमोलर. ही विकरं विसरलात तर पेरॉक्साइडच हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण करतं आणि आकडा फुगतो. 401 आणि 421 नॅनोमीटरच्या शोषणातल्या फरकाचा गुणांक 77 प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर आहे. 1 सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये हा फरक 0.0385 ने वाढला तर 0.5 मायक्रोमोलर. हरितद्रव्यही याच भागात शोषतं, म्हणून हिमोग्लोबिनशिवायचा अर्क ब्लँक म्हणून ठेवा.

ओझोन-रासायनिक प्रकाश यंत्र (ओझोनशी नायट्रिक ऑक्साइडची क्रिया होताना निघणारा प्रकाश मोजणारं) असेल तर पानातून बाहेर पडणारा वायूच मोजता येतो. आत जाणारी हवा शुद्ध हवी, कारण बाहेरच्या हवेत वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड असतोच. रिकाम्या कक्षाची बेसलाइन 10 मिनिटं घ्या आणि नमुन्याच्या हवेतला ओलावा काढा, कारण बाष्पामुळे प्रकाश मंदावतो. यंत्रावर शंका आली तर नायट्रेटवर वाढवलेलं पान अंधारात नायट्रोजनखाली ठेवून बघा: नायट्राइट साठतं आणि उत्सर्जन कितीतरी पटींनी चढतं. केवळ अमोनियमवर वाढवलेल्या रोपात नायट्रेट रिडक्टेज जवळपास नसतं, तिथे रेघ सपाट राहिली तर यंत्राला दोष देऊ नका.