परदेशातल्या लेकीकडून नाशिकला परतताना शेवटचा दिवस कसा काढावा

आमची लेक न्यू जर्सीत राहते, आम्ही नाशिकला इंदिरानगरात. २०१५ पासून सहा वेळा तिच्याकडे राहून आलो. जाताना काय न्यावं हे सांगणारे शंभर जण भेटतात. परतीच्या दिवसाचं कोणी धड सांगत नाही, आणि सांगतात ते बहुतेक चुकीचं सांगतात. त्यातलाच एक सल्ला मी पहिल्या खेपेला ऐकला आणि तीन वर्षांच्या नातवाची झोप उडवून आले. म्हणून हे लिहिते आहे.

बॅगा

आदल्या दुपारी बंद करून दाराशी उभ्या करा. शेवटच्या दिवशी एकही बॅग उघडी दिसता कामा नये, नाहीतर तो अख्खा दिवस बॅगाच खातात. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलो देतात, म्हणजे ५० पौंड. तिकडचा काटा पौंडात असतो. ४८ ला थांबा, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा कधीच जुळत नाहीत. औषधं, चष्मा आणि नाशिकच्या घराची किल्ली हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही हातातच, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

निरोप

शेवटच्या दिवसातलं अवघड काम हे एकच. बाकीचं सगळं थोडे पैसे टाकून नाहीतर फोन करून निस्तरता येतं.

पहिल्या खेपेला जो तो एकच सांगत होता, "मूल झोपलं की निघा, उगाच रडारड नको." विमान रात्री उशिराचं होतं. नातू साडेसातला झोपला आणि आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो. सकाळी उठल्यावर तो थेट आमच्या खोलीत गेला. आम्ही रोज लपाछपी खेळायचो, त्यामुळे आजी लपली आहे असंच त्याला वाटलं. त्याने कपाट उघडून पाहिलं, न्हाणीघरातला पडदा सारून पाहिला, मग पलंगाखाली वाकून "सापडलीस" असं म्हणाला. हे लेक मला फोनवर सांगत होती तेव्हा मला ऐकवेना. पुढे महिनाभर तो रात्री झोपायला तयार नव्हता. आईचा हात धरून जागा राहायचा. आपण झोपलो की घरातलं माणूस नाहीसं होतं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा पहिल्याच रात्री त्याने विचारलं, "मी झोपल्यावर जाणार का?"

तेव्हा कोणी कितीही समजावलं तरी झोपलेल्या मुलाला सोडून निघू नका. मूल रडेल. रडू द्या. आजी जाताना रडणाऱ्या मुलाला निदान काय झालं ते कळलेलं असतं.

दुसऱ्या खेपेला मी उलटी चूक केली. त्याला न्यूअर्क विमानतळावर नेलं. तिथे दारासमोर गाडी उभी करू देत नाहीत. सामान उतरवायला काय ती दोन-चार मिनिटं मिळतात, लगेच पोलीस पुढे काढायला सांगतो. आतल्या तपासणीपलीकडे तिकीट नसलेल्या माणसाला सोडत नाहीत. नातू मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेला, मी काचेतून हात घालते आहे, जावई बॅगा उतरवताहेत, मागून हॉर्न. त्याला ना नीट मिठी मिळाली ना नीट रडता आलं. घरी पोचेपर्यंत तो गाडीत ओरडत होता असं जावई म्हणाले. सहा वर्षांच्या आतलं मूल विमानतळावर नेऊ नका. निरोप घरीच घ्या, दारात, दिवसाउजेडी.

तिसऱ्या खेपेपासून जे करते आहे ते असं.

मुलाला तीन दिवस आधी सांगायचं. आठवडाभर आधी सांगितलं तर ते रोज सकाळी विचारतं, "आज का?" आणि दोघांचाही आठवडा वाया जातो. कॅलेंडरवर त्या दिवसावर विमान काढायचं आणि रोज रात्री एक चौकोन त्यानेच खोडायचा.

सांगताना शब्द नीट निवडा. आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. मीही तेच म्हणायचे. नातवाने एकदा शांतपणे विचारलं, "कधी येतेस?" त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. घरात मराठी, बाहेर इंग्रजी, त्याने शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून राहिला. तेव्हापासून लेकीला मी "येते" म्हणते आणि नातवंडांना "जाते". माझ्या नणंदेला हे अजून अशुभ वाटतं. वाटू दे. मुलाला स्पष्ट सांगायचं: आजी नाशिकला जाते आहे, तिथे आजीचं घर आहे, तुळस आहे, आजोबांची स्कूटर आहे, आणि आजी उद्या परत येणार नाही. "दुकानात जाऊन येते" हे तर चुकूनही नाही. त्यानंतर आई खरंच दुकानात निघाली तरी मूल तिला सोडत नाही.

मुलाला काम द्या. आमची पाच वर्षांची नात प्रत्येक बॅगेच्या मुठीला रिबीन बांधते आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचते. आपल्याला टाकून चालले आहेत आणि आपण त्यांना पाठवतो आहोत, यातला फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो.

आपली एक वस्तू मागे ठेवा, पण नवीन खेळणं नको. जुनी, आपला वास असलेली. मी माझ्या दोन सुती साड्यांची गोधडी शिवून नेली होती, ती तिथेच ठेवली. नातू आता तेरा वर्षांचा आहे आणि गोधडी त्याच्या पलंगावरच आहे.

प्रत्यक्ष निरोप दहा मिनिटांत आटपा. मूल जेवलेलं आणि झोप झालेलं असावं. आमचं विमान रात्रीचं असतं, तरी हे मी चारच्या सुमाराला करते. देवापुढे दिवा, सगळ्यांच्या हातावर दही-साखर, नातवंडांचे नमस्कार, मिठी आणि निघायचं. एकदा दाराबाहेर पडलात की काहीही विसरलं असलं तरी परत आत जाऊ नका. मी एकदा चष्म्यासाठी परत गेले. शांत झालेली नात पुन्हा गळ्यात पडली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. चष्मा जावयांना आणायला सांगता आला असता.

"रडू नकोस, शहाणी ना तू" असंही म्हणू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, फक्त मुलाला तुमचे डोळे पुसायला लावू नका.

आता लेकीचं. मूल घरी राहणार तर त्याच्याजवळ आई हवी, म्हणजे विमानतळावर जावई येणार. लेकीला हे फार जड जातं, माझी लेक पहिल्यांदा रुसली होती. तिचा निरोप आदल्या रात्री घ्या, मुलं झोपल्यावर. नारळ, तांदूळ, खण हे सगळं तिकडच्या इंडियन स्टोअरमधून दोन दिवस आधी आणून ठेवा, तिची ओटी भरा आणि मग बसा दोघी. बॅगांचा विषय काढू नका. आमची ती रात्र एक-दीडपर्यंत जाते आणि त्या चार-पाच महिन्यांतलं खरं बोलणं तेव्हाच होतं.

विमानतळावरून घरी फोन करायचा मोह आवरा. "पोचलो, बॅगा दिल्या" एवढा मेसेज पुरे. मूल नुकतं खेळायला लागलेलं असतं.

विमानतळ आणि विमान

अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. तुम्ही देश सोडल्याची नोंद विमान कंपनीकडून आपोआप जाते. तरी बोर्डिंग पासचा तुकडा घरी आल्यावर फाइलमध्ये ठेवा, नोंद राहून गेली तर पुढच्या वेळी तोच दाखवता येतो. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवतो, आणि मी शेजारून चालते. रांग टाळायला धडधाकट माणसाने खुर्ची मागू नये. खरंच चालता न येणारी माणसं तिथे खुर्चीची वाट बघत ताटकळतात, हे मी दरवेळी पाहते.

विमानात पाणी प्या, दर दोन तासांनी उठा.

मुंबई ते नाशिक

इथे एकच गोष्ट जपा, ती म्हणजे तारीख. २०१७ ला आमचं विमान १९ तारखेला पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी मुंबईत उतरणार होतं. ह्यांनी नाशिकच्या गाडीवाल्याला सांगितलं, "१९ तारखेला रात्री दोनला." तो १९ तारखेचा दिवस संपल्यावर यायच्या तयारीत होता, आम्ही २४ तास आधी चार बॅगा घेऊन टर्मिनल दोनच्या बाहेर. त्याची चूक नव्हती. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला तारीख सांगू नये, दोन वार सांगावेत: "मंगळवार संपून बुधवार लागतो ती रात्र, मंगळवारी संध्याकाळी नाशिकहून निघा." आणि त्याच्याकडून ते परत वदवून घ्या.

दुसरं, भारतातलं सिमकार्ड. रिचार्जची मुदत संपलेली असली तर मुंबईत उतरल्यावर फोन मुका असतो आणि बाहेरचा गाडीवाला सापडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी लेकीकडून तिथूनच रिचार्ज मारून घ्या आणि सिम पाकिटात ठेवा. सिमच्या खाचेत घालायची पिनही सोबत ठेवा.

भारतीय पासपोर्ट असेल तर इमिग्रेशनला कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही. कस्टम्सला जाहीर करण्यासारखं काही असेल तर सरळ लाल मार्गाने जा, नसेल तर हिरव्या.

गाडीवाल्याला संध्याकाळी नाशिकहून निघून मुंबईत तीन-चार तास झोपायला सांगा, त्याचे वेगळे पैसे द्या. रात्रीच्या प्रवासात घाटापेक्षा मला पेंगणाऱ्या ड्रायव्हरची भीती वाटते. पहाटे तीन-साडेतीनला विमानतळ सोडलात तर ठाण्याच्या माजिवड्यापासून भिवंडीजवळच्या वडप्यापर्यंतचा टप्पा जरा मोकळा मिळतो, सकाळी आठनंतर तिथे किती वेळ जाईल याचा नेम नाही. पुढे आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढा. ५ जून २०२५ ला आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा भाग सुरू झाला आणि जुना कसारा घाट टळला. जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे. पावसाळ्यात आधी आम्ही त्या घाटात धुक्यातून ट्रकच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून जायचो, ते आता नाही. घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी आणि मग पांडवलेणीचा डोंगर दिसतो.

घरी

शेजारणीला आदल्या दिवशी फोन करून टाकी भरून घ्यायला आणि अर्धा लिटर दूध आणून ठेवायला सांगितलेलं असावं. आंघोळ, मऊ भात, तूप. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका, उन्हात बसा.

बॅगा मात्र उघडू नका, निदान त्या रिबिनी सोडू नका. उन्हाळ्यात नाशिकला संध्याकाळचे साडेपाच म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे आठ, मुलं शाळेला निघायच्या आधीची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेसहाला फोन करा. नातीला बॅग दाखवा आणि तिच्यासमोर रिबीन सोडा. आमची नात आधी गाठ घट्ट राहिली होती का ते विचारते, आणि मग आजोबांची स्कूटर दाखवायला सांगते.